शिव्या बंद झाल्या की समजावं

(अमेरिकेत नेब्रास्कातल्या आपल्या मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमातलं भाषण. रेकॉर्डिंगवरून उतरवून थोडं कापलंय, सगळं नाही कापता आलं.)

नमस्कार मंडळी. मागच्यांनी पुढे या की, खुर्च्या रिकाम्या आहेत, आजच्या विषयाला त्या शोभतात म्हणा. अध्यक्षांनी मला पंचवीस मिनिटं दिलीत, त्यातली सात माईकने खाल्ली, आणि साडेआठला मसाला दूध आहे, त्यामुळे तुमचं लक्ष कुठे आहे ते मला कळतंय. फ्लायरवर छापलंय "हरणाऱ्या कॉलेज टीमचे फॅन का पळतात : पाच कारणं". हे पाच मी सांगितले नव्हते, सेक्रेटरी म्हणाले आकडा टाकला की लोक येतात. आलात का? आलात, पण दुधासाठी. (हशा)

तर नेब्रास्का. तुम्हाला काय सांगायचं, पण यंदाच नवीन आलेली पाचसहा पोरं दिसतायत म्हणून दोन वाक्यं. या राज्यात वीस लाखाच्या आसपास माणूस आहे, मोठ्या लीगमधली प्रो फुटबॉलची टीम नाही, बास्केटबॉलची नाही, बेसबॉलची नाही, समुद्र नाही, डोंगर म्हणावा तर तोही नाही. आहे ती युनिव्हर्सिटीची टीम, कॉर्नहस्कर्स. लिंकनचं मेमोरियल स्टेडियम भरलं की ओमाहा आणि लिंकन सोडून राज्यातलं तिसरं मोठं शहर तेच होतं, हा इथला जुना जोक आहे आणि तो जोक नाहीये, आकडे खरंच तसे आहेत. आणि ते स्टेडियम 3 नोव्हेंबर 1962 पासून प्रत्येक होम गेमला सोल्ड आउट आहे. चारशेच्या वर गेम्स झाल्या सलग. म्हणजे तुम्ही म्हणाल की काका, इथले फॅन पळालेच नाहीत तर तुम्ही बोलताय कशावर. थांबा, त्याच्यावरच बोलतोय.

मी 1994 च्या ऑगस्टमध्ये लिंकनला आलो, एमएस करायला, कोल्हापुरातून. कोल्हापूरचा माणूस आणि फुटबॉल म्हटल्यावर मी खूष झालो, बघतो तर हे लोक बॉल हातात घेऊन पळतात. पायाने मारायला एक वेगळा माणूस ठेवलाय आणि तो बिचारा गेमभर बाकावर बसून असतो. पण नशीब असं की मी आलो आणि टीमने धुमाकूळ घातला. टॉम ऑस्बॉर्न कोच होते. 1994, 1995 आणि 1997, तीन नॅशनल टायटल्स. 1993 ते 97 या पाच वर्षांत साठ जिंकल्या आणि तीन हरल्या. साठ-तीन! फ्लोरिडाला आपण 62-24 ने तुडवलं, त्यात टॉमी फ्रेझियरची 75 यार्डांची धाव, माणसं अंगावर येतायत, लोंबकळतायत आणि तो चाललाय पुढे. आम्ही सहा पोरं एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये बघत होतो, नियम एकालाही कळत नव्हते, पण ओरडत सगळे होतो. मला वाटलं हे असंच असतं दर वर्षी. नवीन सुनेला पहिलं वर्ष असतं तसं. (हशा) नको वहिनी, अशा बघू नका, पुढे जातो.

मग नोकरी लागली, लग्न झालं, आणि ऑफिसातल्या एकाने त्याची दोन सीझन तिकिटं मला चालवायला दिली. ईस्ट स्टेडियम, दुपारच्या गेमला ऊन सरळ डोळ्यात. आणि त्या ओळीत मला भेटले तात्या.

तात्या म्हणजे त्यांचं नाव तात्या नाही हो, नाव सांगत नाही, शेतकरी माणूस, लिंकनपासून तासाभरावर मका आणि सोयाबीन. पण बसायची पद्धत, टोपी, गुडघ्यावर हात, सगळं आमच्या तात्यांसारखं, म्हणून मी मनातल्या मनात तात्याच म्हणायचो. ती सीट त्यांच्या वडिलांपासूनची. शेजारी आजी, थर्मास, आणि तात्यांच्या कानात ट्रान्झिस्टरची वायर. समोर गेम चाललीय आणि माणूस रेडिओ ऐकतोय! मी विचारलं तर म्हणाले, डोळ्यांवर माझा विश्वास आहे पण रेडिओवाला मला कारण सांगतो. खिशात एक छोटी वही, पेन्सिल, प्रत्येक प्लेची खूण. आणि तोंड चालू. शिव्या म्हणजे काय तर "फॉर पीट्स सेक" आणि "गॉश डार्न इट", आपल्याकडे भटजींसमोर सत्यनारायणाला चालतील अशा, पण देण्याची पद्धत अशी की पुढच्या चार ओळी मागे वळून बघायच्या. कोचला शिव्या, रेफरीला शिव्या, वाऱ्याला सुद्धा. 2003 ला कोच फ्रँक सोलिच नऊ जिंकून तीन हरला म्हणून त्याला काढलं, तेव्हा तात्यांनी वरच्या साहेबांना पुढचा सगळा सीझन शिव्या घातल्या. मग बो पेलिनी आला, दर वर्षी नऊ नाहीतर दहा जिंकायचा, त्यालाही तात्यांच्या शिव्या, आणि 2014 ला त्याला काढल्यावर काढलं म्हणून शिव्या.

आता एक शेतकी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ऑक्टोबर म्हणजे इथे काढणीचा महिना. आणि चांगल्या दिवसांत होम गेमच्या शनिवारी तात्यांचं कंबाइन शेडमध्ये उभं. पाऊस तोंडावर असला तर मुलाला जुंपायचे, तोही आत बसून रेडिओ ऐकणार. मका थांबायचा, गेम थांबायची नाही.

आणि लाल फुगे! हे राहिलंच. टीमचा पहिला टचडाउन झाला, म्हणजे बॉल घेऊन समोरच्या टोकाच्या रेषेपलीकडे गेले, की स्टेडियमभर लोक लाल फुगे सोडायचे, आकाश लाल. माझा मुलगा सहा-सात वर्षांचा असल्यापासून फुगा धरून उभा राहायचा. नंतर नंतर काय व्हायला लागलं, पहिला टचडाउन दुसऱ्या क्वार्टरमध्ये, कधी त्याच्याही पुढे. पोराचा हात दुखायला लागायचा, तो दोरी पायाला बांधून नाचोज खायचा. 2022 मध्ये हेलियमची टंचाई म्हणून फुगे बंदच केले. बरंच झालं, कोणाला तरी निमित्त मिळालं.

तर 2017 ते 2023, सलग सात सीझन असे की हरलेल्या गेम्स जिंकलेल्यांपेक्षा जास्त. मध्ये कोच म्हणून स्कॉट फ्रॉस्ट आला. हा आपलाच, वुड रिव्हर गावचा, 1997 च्या टायटलचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, आणि आधीच्या वर्षी यूसीएफला, म्हणजे सेंट्रल फ्लोरिडा युनिव्हर्सिटीला, 13-0 करून आलेला. लोक रडले हो आनंदाने. पहिली गेम, 1 सप्टेंबर 2018, नव्वद हजार माणूस, एक किकऑफ झाली आणि वीज कडाडली, थांबवली, थांबवली आणि शेवटी रद्द. माझी आई तेव्हा इथे आलेली होती, ती म्हणाली शकुन बरा नाही. आम्ही हसलो. पुढच्या सहाच्या सहा हरलो.

पण मुद्दा हरण्याचा नाहीये, हरले कसे त्याचा आहे. 2021 घ्या. तीन जिंकल्या, नऊ हरल्या, आणि त्या नऊच्या नऊ एक आकडी फरकाने. सीझनभरातले सगळे पॉइंट्स मिळवले तर आपले विरोधकांपेक्षा जास्त! असं नापास होणं अवघड असतं मंडळी, त्याला अभ्यास लागतो. (हशा) मिशिगन स्टेटविरुद्ध आपल्याला पंट, म्हणजे लाथेने बॉल लांब त्यांच्याकडे, मारायची होती एका बाजूला, सगळी टीम त्या बाजूला पळाली, बॉल गेला दुसऱ्या बाजूला, त्यांचा टचडाउन. एकूण फ्रॉस्टच्या काळात एका स्कोअरच्या, म्हणजे आठपर्यंत पॉइंट्सच्या, फरकाच्या गेम्समध्ये पाच जिंकल्या, बावीस हरल्या.

आणि मग ती मिशिगनची गेम. ऑक्टोबर 2021, रात्रीची. आपण पुढे, 29-26, सगळं स्टेडियम उभं. मिशिगनने बरोबरी केली, दोनेक मिनिटं राहिली असताना आपला बॉल हातातून सुटला, त्यांनी फील्ड गोल मारली, म्हणजे लाथेने खांबांमधून तीन पॉइंट्स, 32-29. मी समोर बघतच नव्हतो, मी तात्यांकडे बघत होतो, की आता येणार, आता येतंय फॉर पीट्स सेक. नाही आलं. त्यांनी कानातली वायर काढली, बोटाला गुंडाळली, वही मिटली, पेन्सिल खिशात ठेवली आणि आजींना म्हणाले, चल, गर्दीच्या आधी निघू. बस. नव्वद हजारांच्या आवाजात मला तेवढंच ऐकू आलं.

पुढची होम गेम पर्ड्यूशी, ऑक्टोबरच्या शेवटी. तात्यांच्या सीटवर काळ्या-सोनेरी टीशर्टमधला माणूस, पर्ड्यूचा फॅन! तात्यांच्या मुलाने फोनवरून तिकीट विकलेलं. तात्या कुठे? मका काढतायत. शनिवारी. आणि रेकॉर्डमध्ये ते तिकीट काय धरलं जाणार? विकलेलं. सोल्ड आउट. हे आमचं साठ वर्षांचं रेकॉर्ड! त्या वर्षी तर कमी पडलेली तिकिटं देणगीदारांनी विकत घेऊन गरजू मुलांना वाटली, मुलांचं भलं झालं, छानच, पण रेकॉर्डही वाचलं. 2018 मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने देशभरातल्या युनिव्हर्सिट्यांचा हिशेब काढला होता, जाहीर केलेल्या गर्दीच्या जेमतेम 71 टक्के तिकिटं गेटवर स्कॅन झालेली. म्हणजे शंभरातली एकोणतीस माणसं कागदावर बसून गेम बघतात.

तर माझं म्हणणं असं आहे, आणि हे मी गेली चार वर्षं घरी सांगतोय, घरचे ऐकत नाहीत म्हणून तुम्हाला, की फॅन चिडून जात नाही. चिडलेला फॅन म्हणजे पक्का फॅन, तो शनिवारी शिव्या देणार, रविवारी देणार, पुढच्या शनिवारी पहिला हजर. जाणारा माणूस आधी गप्प होतो, मग त्याला शनिवारी कामं निघायला लागतात. आणि तो एकटा जात नाही, ओळ घेऊन जातो. तात्या गेल्यावर त्यांच्या पलीकडचे दोघे भाऊ थांबले कशासाठी, तात्यांच्या शिव्या ऐकायलाच ते यायचे. लोक टीम बघायला येतात असं आपल्याला वाटतं, ते ओळ बघायला येतात...

हो, आली चिठ्ठी. "चार मिनिटं. दूध उकळलंय." बरं. पाच कारणं. पटापट.

एक, आपण आणि ते. 1976 मध्ये रॉबर्ट चाल्डिनी म्हणून मानसशास्त्रज्ञाने अभ्यास केला, सात युनिव्हर्सिट्यांमध्ये सोमवारी पोरं काय कपडे घालून येतात ते मोजलं. टीम जिंकली असली की कॉलेजच्या नावाचे कपडे जास्त. आणि फोनवर विचारलं तर जिंकलेल्या गेमबद्दल पोरं "आपण" म्हणतात, हरलेल्याला "आपण" कमी होतं. क्रिकेटला आपण वेगळं काय करतो, आपण वर्ल्ड कप जिंकतो आणि यांना बॅटिंग येत नाही. दोन, एकाच पद्धतीने हरणं. धुव्वा उडाला तर माणूस विसरतो, पण दर वेळी शेवटच्या दोन मिनिटांत गेली की चौथ्या क्वार्टरला पोटात आधीच गोळा येतो, आणि पैसे देऊन गोळा कोण आणेल. डब्लिनची 2022 ची नॉर्थवेस्टर्नशी गेम आठवा, 28-17 ने पुढे असताना ऑनसाइड किक मारली, म्हणजे बॉल परत आपल्यालाच मिळावा म्हणून मुद्दाम छोटी, का मारली देव जाणे, बॉल त्यांना मिळाला आणि 31-28 ने गेली. तिथे इंटरनेट बंद पडून कार्डं चालेनात म्हणून बिअर फुकट वाटली, तेवढंच काय ते पदरात. दोन आठवड्यांनी जॉर्जिया सदर्नसारख्या टीमकडून घरी हरलो आणि दुसऱ्या दिवशी फ्रॉस्टला काढलं. 1 ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर द्यायचे पैसे निम्मे झाले असते, साडेसात मिलियन डॉलर वाचले असते, तेवढाही धीर नव्हता कोणाला.

तीन, भांडणच नेलं. 2011 मध्ये बिग टेन या दुसऱ्या कॉलेज लीगमध्ये गेलो, टीव्हीचे पैसे मिळाले, पण मिझुरीशी दर वर्षीचं वैर संपलं. आता रटगर्स येतात. रटगर्सवर चिडायचं कसं, ते न्यू जर्सीचे, तिथे आपले अर्धे नातेवाईक. चार, टीममधलं पोर आपलं राहिलं नाही. इथे वॉक-ऑनची पद्धत, छोट्या गावातलं पोर स्कॉलरशिपशिवाय यायचं, आणि गावातून पन्नास माणसं त्याला बाकावर बसलेला बघायला यायची. कोल्हापुरात पेठेच्या टीमचं तेच, तालमीतला पोरगा खेळतो म्हणून गल्ली मैदानावर, टीम हरली म्हणून कोणी पेठ बदलत नाही. आता 2021 पासून पोरांना जाहिरातीत आपलं नाव वापरू द्यायचे पैसे घेता येतात, एका वर्षात दुसऱ्या कॉलेजला जाता येतं. पोरांचं बरोबरच आहे हां, कोच मिलियन्स घेणार आणि पोरांनी फुकट डोकी फोडून घ्यायची हे कुठवर चालणार. पण तात्यांना वहीत नावं दर वर्षी नवीन लिहावी लागतात. पाच, टीव्ही. गेम सकाळी अकराला की रात्री साडेसहाला ते टीव्हीवाले ठरवणार, कधी जेमतेम आठवडा आधी सांगणार, आणि साडेतीन तासांत निम्मा वेळ सगळे उभे, कारण घरच्यांना जाहिराती दाखवायच्यात. घरी म्हैस असलेल्या माणसाचं टाइमटेबल त्यात बसत नाही.

झाले पाच? झाले. एकच राहिलं, 30 ऑगस्ट 2023, त्याच स्टेडियममध्ये मुलींची व्हॉलीबॉल मॅच ठेवली, 92,003 लोक आले. तात्या नातीला घेऊन आले होते, मला पार्किंगमध्ये भेटले. लाइनच्या निर्णयावर चिडलेले होते.

प्रश्न? एकच घेतो. हां, बोला... "काका, तुम्ही अजून जाता का?"

(थोडा वेळ शांतता.)

नाही. 2022 नंतर तिकिटं परत केली मी. म्हणजे बघतो, टीव्हीवर, आवाज बंद करून. 2024 ला सात जिंकल्या, सीझननंतरची बोल गेमसुद्धा जिंकली, बरं चाललंय म्हणतात. परवाच्या शनिवारी मी बघता बघता मेथी निवडत होतो. टचडाउन झालेला मला मुलाच्या मेसेजवरून कळला, तो सिॲटलला असतो. चला, दूध घ्या.