घोटागणिक ठसका

मे महिना. नागपूरचा पारा 45च्या घरात. कस्तुरचंद पार्कजवळच्या ठेल्यावर ताई पोहे मागतात, पण तर्री नको म्हणतात. पाण्याचा ग्लास हातात घेतात, मान खाली घालून जेमतेम ओठ ओले होतील एवढं पितात. तरीही ठसका लागतोच.

हे लहानपणापासूनचं. "हळू पी नं बाई," एवढंच घरचे सांगत. पुढे निमोनिया वारंवार होऊ लागला. कुणी दमा म्हटलं, पंप दिला. थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह असूनही टीबीच्या गोळ्या झाल्या. खोकला नेमका कधी येतो, हा साधा प्रश्न कुणी विचारलाच नाही. तो प्रत्येक ओपीडीत विचारायलाच हवा.

आता एक्स-रेच्या पडद्याकडे बघा. ताई पालथ्या झोपल्या आहेत. नाकातून अन्ननलिकेत घातलेली नळी हळूहळू वर ओढत बेरियम, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारं द्रव, सोडलं जातंय. इथे थांबू. मानेच्या खालच्या भागात एक बारीक रेघ तिरकी वर चढली आणि बेरियम श्वासनलिकेत उतरलं.

गर्भ चार-पाच आठवड्यांचा असताना एकाच नळीतून अन्ननलिका आणि श्वासनलिका वेगळ्या होतात. कधी दोघींमध्ये वाट राहून जाते. तिला फिस्टुला म्हणतात. बहुतेक अशा बाळांची अन्ननलिका मध्येच बंद असते, दूध पोटात पोचतच नाही, त्यामुळे जन्मतःच कळतं. शंभरातल्या साधारण चार जणांत मात्र दोन्ही नळ्या अखंड असतात आणि मध्ये फक्त हा बोगदा. इंग्रजी H अक्षरासारखा, म्हणून हा 'एच' प्रकार. बोगदा अरुंद, त्यात अन्ननलिकेकडून वर चढणारा. घास बहुधा सरळ खाली जातो, पातळ तेवढं आत शिरतं. म्हणून एखाद्याचं निदान मोठेपणापर्यंत लांबतं.

हा ब्रॉन्कोस्कोपचा, म्हणजे श्वासनलिकेत घालायच्या दुर्बिणीचा कॅमेरा. श्वासनलिकेची मागची गुलाबी भिंत दिसते. अन्ननलिकेत मिथिलीन ब्लू हा निळा रंग सोडला जातो... आणि भिंतीतून निळा थेंब बाहेर येतो.

छाती उघडावी लागली नाही. मानेवरच छेद घेतला. स्वरयंत्राची नस जपत सर्जननी फिस्टुला कापला, दोन्ही तोंडं शिवली आणि ती पुन्हा जुळू नयेत म्हणून मध्ये स्नायूची पट्टी बसवली.

आवाज काही दिवस बसला होता. ठसका थांबला. वारंवारच्या निमोनियाने फुफ्फुसाच्या खालच्या भागाला झालेली इजा मात्र कायमची आहे, तिच्या तपासण्या चालू राहतील.