मुंबईची एकोणचाळीस मिनिटं

मंडळी, हात लांब करा आणि मूठ वळा. ही मूठ आकाशाचे साधारण १० अंश झाकते. मुंबईत ध्रुवतारा क्षितिजावर दोन मुठींना जरा कमी, म्हणजे सुमारे १९ अंश दिसतो. आपला अक्षांशही तेवढाच. मरीन ड्राइव्हला जाऊन मोजू नका मात्र. तिथं समुद्र पश्चिमेला, आणि ध्रुवाच्या खाली मलबार हिलच्या इमारती!

अरबी समुद्रातल्या नाखव्यांनी या मुठीचंच यंत्र केलं. नाव 'कमाल', आणि आहेही कमालच. लाकडाची छोटी फळी, मध्ये भोक, त्यातून ओवलेली दोरी, दोरीला गाठी. गाठ दातांत धरायची, दोरी ताणायची. फळीची खालची कड क्षितिजाला आणि वरची ध्रुवाला टेकली, की आपण त्या गाठीच्या बंदराच्या अक्षांशावर आलो. मग किनारा दिसेपर्यंत सरळ पूर्वेला हाकायचं. ना आकडेमोड, ना तक्ते. पुढे १७३१ मध्ये हॅडलीनं आरशांचं अष्टमांश यंत्र दाखवलं, त्यातून सेक्स्टंट आला. आरशातून सूर्य क्षितिजावर उतरवायचा आणि कोन वाचायचा. तो मी स्वतः वापरलाय. डोलणाऱ्या डेकवर सूर्य नुसता उड्या मारत असतो. अचूकता सेक्स्टंटची मोठी, पण हुशारी मला कमालमध्ये जास्त वाटते.

उत्तर-दक्षिण कळलं. पूर्व-पश्चिमेचं काय? तिथं तारा बघून भागत नाही, वेळ लागते. पृथ्वी ४ मिनिटांत १ अंश फिरते. निघालेल्या बंदरात आत्ता किती वाजले हे कळलं, की इथल्या सूर्याच्या वेळेशी ताडून रेखांश निघतो. पण लंबकाचं घड्याळ जहाजावर चालेल कसं? ब्रिटिश संसदेनं १७१४ मध्ये २०,००० पौंडांचं बक्षीस लावलं, आणि कोडं सोडवलं जॉन हॅरिसन या सुताराच्या पोरानं. १७६१ मध्ये जमैकाला निघालेलं त्याचं घड्याळ प्रवासात जेमतेम ५ सेकंद चुकलं. आपल्या अक्षांशावर १ मिनिटाची चूक म्हणजे जहाज जवळजवळ २६ किलोमीटर भलतीकडे. रात्रीच्या वेळी किनारा तेवढ्यात अंगावर येतो.

म्हणून बंदरात नांगर टाकला की क्रोनोमीटर, म्हणजे जहाजावरचं अचूक घड्याळ, पडताळून घेणं आलंच. कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये उभी राहिली ती जहाजांसाठी आणि वेळ राखण्यासाठी. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. १९०६ मध्ये सगळ्या देशाला साडेपाच तासांची वेळ लागू झाली, तरी ही ३९ मिनिटं सोडायला मुंबईला १९५५ साल उजाडलं. आपला हट्ट तुम्हाला ठाऊकच आहे.

सूर्यानं मात्र अजून सोडलेली नाहीत. गच्चीवर काठी उभी करा. सावली सर्वांत आखूड होते ती साडेबाराच्या आसपास. १५ मेला १२ वाजून ३५ मिनिटांनी बघितलंत, तर सावली सापडणारच नाही. तो दिवस निवडलात, तर टोपी घालून जा.