अविचार म्हणजे नेमकं काय?

नमस्कार मंडळी! आज एकच शब्द घेऊया : अविचार.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा पातळी, 43 फुटांवर धोका पातळी. कोल्हापुरात हे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. तरीही रस्त्यावर पाणी वाहताना दिसत असूनही एखादा त्यात गाडी घालतोच. कडेची म्हातारी माणसं ओरडतात, "आरं, जरा इचार कर की!"

आता याला निष्काळजीपणा म्हणायचं का? नाही. पूर येणार हे माहीत असून कागदपत्रं खालच्या कपाटातच राहून गेली, तो निष्काळजीपणा. बेफिकीर माणसाला परिणाम दिसत असतो, पण त्याचं काही वाटत नाही. अविचारात परिणाम डोळ्यांपुढं आलेलाच नसतो. आलं मनात, केलं!

आणि गाडी पलीकडं सुखरूप निघाली तरी तो अविचारच. जमलं तर धाडस आणि फसलं तर अविचार, असा हिशेब आपण करतो तो मला अजिबात पटत नाही. हा शब्द निकालाबद्दल बोलत नाही, कृतीच्या आधी काय झालं त्याबद्दल बोलतो.

म्हणूनच नेसरीची गोष्ट निघते तेव्हा मी अडतो. उमराणीच्या लढाईत आदिलशाही सरदार बहलोलखानाला सोडलं म्हणून शिवाजी महाराजांनी सरनोबत प्रतापराव गुजरांना खडसावलं. ते साल 1673. पुढं 24 फेब्रुवारी 1674 ला आपल्या गडहिंग्लज तालुक्यातल्या नेसरीच्या खिंडीत प्रतापराव मोजक्या स्वारांनिशी खानाच्या फौजेवर गेले. परंपरा सांगते, सोबत फक्त सहा जण. काहीजण याला अविचार म्हणतात. मला ते मान्य नाही. पुढं मरण आहे हे त्या सेनापतीला कळत नव्हतं, असं कोण म्हणेल? निर्णय चुकीचा होता का, यावर खुशाल वाद घाला. पण जाणूनबुजून घेतलेल्या निर्णयाला हा शब्द लावू नका.

संस्कृत कवी भारवीच्या 'किरातार्जुनीय' या काव्यात एक ओळ आहे : "सहसा विदधीत न क्रियाम्". मराठी कानाला वाटतं, 'सहसा काही करू नये'. पण संस्कृतात 'सहसा' म्हणजे एकाएकी, विचार न करता. आपल्याकडं त्याचा अर्थ 'बहुधा' कडे सरकला.

'निर्विचार' मात्र वेगळा, बरं का. ती योगातली शांत अवस्था. तिथं दोष नाही.

वापरताना एवढं बघा. 'अविचार' नाम, 'अविचारी' विशेषण. रागाच्या भरात कुणी चालू नोकरी सोडायला निघाला, तर त्याला "असा अविचार करू नकोस" म्हणा. "तू अविचारीच आहेस" म्हणू नका. पहिल्या वाक्यात एक कृती थांबते, दुसऱ्यात अख्ख्या माणसावर शिक्का बसतो, आणि तो ऐकायचंच बंद करतो.