चषकाच्या दोन प्रती

मित्रहो, अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये दरवर्षी एका खेळाडूला हाइझमन चषक मिळतो. 1935 पासून चालत आलेल्या या पुरस्काराच्या ब्राँझच्या पुतळीत एक खेळाडू डाव्या बगलेत चेंडू दाबून, उजवा हात समोर ताठ करून, अंगावर येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला दूर ढकलत धावताना दाखवला आहे. या पुतळीच्या दोन प्रती दिल्या जातात, एक खेळाडूला आणि दुसरी त्याच्या विद्यापीठाला. ज्या शाळेच्या मैदानावर तो मुलगा चौदाव्या-पंधराव्या वर्षी पहिल्यांदा शिरस्त्राण घालून उतरला, त्या शाळेला काहीच मिळत नाही. तरीही आपल्या संघाचा इतिहास सांगताना अमेरिकेतील शाळा सर्वांत आधी ज्या गोष्टीचा उल्लेख करतात, ती हीच तिसरी, कधी न घडलेली प्रत असते. आज मला तिच्याविषयी बोलायचे आहे.

आपण मराठी माणसे ज्याला फुटबॉल म्हणतो, तो हा खेळ नव्हे, हे आरंभीच सांगितले पाहिजे. यात चेंडू लंबगोल असतो, बहुतेक वेळ तो हातातच असतो, आणि संघाची सूत्रे क्वार्टरबॅक नावाच्या एका खेळाडूकडे असतात. प्रत्येक डावपेचाच्या आरंभी चेंडू त्याच्या हाती येतो आणि तो कोणाकडे द्यायचा, किती लांब फेकायचा, की स्वतःच घेऊन पळायचे, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावे लागते. मी स्वतः क्रिकेटवर वाढलो असल्यामुळे हा खेळ मला फार उशिरा कळू लागला, आणि कळू लागला तो या क्वार्टरबॅकच्या डोळ्यांकडे पाहत राहिल्यामुळे.

कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीत, सँटा ॲना या शहरात, 1950 साली स्थापन झालेले माटर डे नावाचे एक कॅथलिक हायस्कूल आहे. लॅटिनमध्ये या नावाचा अर्थ देवाची आई असा होतो. शाळेचा फुटबॉल संघ घरचे सामने शहराच्या क्रीडागारात खेळत आला आहे. अशा या शाळेच्या तीन माजी विद्यार्थ्यांनी हाइझमन चषक मिळवला: जॉन ह्यूअर्टने 1964 मध्ये, मॅट लायनार्टने 2004 मध्ये आणि ब्राइस यंगने 2021 मध्ये. तिघेही क्वार्टरबॅक होते. तीन विजेते देणारी ही पहिलीच शाळा, आणि हे वाक्य तिच्याविषयी लिहिणारा प्रत्येक जण लिहितो. माझी अडचण ‘देणारी’ या शब्दापाशी आहे.

ह्यूअर्टचेच उदाहरण पाहा. माटर डेमधून तो इंडियाना राज्यातील नोत्र दाम विद्यापीठात गेला आणि पुढची वर्षे जवळजवळ बाकावर बसून राहिला. 1963 च्या हंगामात त्याच्या संघाने नऊपैकी सात सामने गमावले, आणि त्या संघातही त्याला फारसे कोणी मैदानात उतरवले नाही. नियमित खेळणाऱ्या खेळाडूला विद्यापीठाचे जे मानाचे अक्षर अंगरख्यावर लावण्यासाठी दिले जाते, तेही त्याला शेवटच्या वर्षापर्यंत मिळालेले नव्हते. 1964 मध्ये आरा पार्सेगियन हे नवे प्रशिक्षक आले आणि त्यांनी ह्यूअर्टवर विश्वास टाकला; पण वसंतातल्या सरावात त्याचा खांदा दुखावला. शस्त्रक्रिया करावी असे डॉक्टरांचे मत पडले. ती झाली असती तर हंगाम हातचा गेला असता. अखेर आणखी एक मत घेण्यात आले आणि शस्त्रक्रिया टळली. त्या शरद ऋतूत ह्यूअर्टने सहकाऱ्यांकडे फेकलेल्या 205 पैकी 114 चेंडू, म्हणजे पास, साधले, त्यांतून 2,062 यार्डांची आगेकूच केली, 16 टचडाउन, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण, घडवले, आणि आदल्या वर्षी रसातळाला गेलेला संघ सलग नऊ सामने जिंकला. दहाव्या सामन्यात सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाविरुद्ध मध्यंतरापर्यंत 17-0 अशी आघाडी असूनही तो 20-17 असा हरला. हाइझमनच्या मतदानात टल्सा विद्यापीठाच्या जेरी रोमला मागे टाकून ह्यूअर्ट अवघ्या 74 गुणांनी पहिला आला.

येथे मतदानाची रीत थोडक्यात सांगतो. देशभरातील क्रीडापत्रकार आणि हयात असलेले माजी विजेते आपापल्या पसंतीची तीन नावे क्रमाने लिहितात. पहिल्या नावाला तीन, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला एक गुण मिळतो. मतदार महाविद्यालयीन हंगाम पाहतात. शाळेत तो मुलगा कसा खेळत होता, हे त्या मतपत्रिकेत कोठेही नसते. आणि चषकाने पुढची वाटही मोकळी केली नाही. न्यूयॉर्क जेट्स या व्यावसायिक संघाने त्या हंगामानंतर जो नेमथ नावाच्या दुसऱ्या एका क्वार्टरबॅकला 4,27,000 डॉलर आणि ह्यूअर्टला 2,00,000 डॉलर देऊ केले. चषकाचा मानकरी पहिल्या वर्षी पुन्हा दुसऱ्याच्या मागे बाकावर बसला. उत्तरायुष्यात त्याने फरशांचा मोठा व्यवसाय उभारला.

लायनार्टची गोष्ट निराळी आहे. तो जन्मतः तिरळा होता. तिसऱ्या वर्षी त्याच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली, पुढे जाड चष्मा लागला, आणि त्यावरून मुले त्याला चिडवत. अशा मुलाने नजरेवर चालणारी जागा निवडावी, यात काही वेगळेच आहे. तो डावखुरा होता. सदर्न कॅलिफोर्नियात त्याने 2003 मध्ये कार्सन पामरची, म्हणजे आदल्या वर्षीच्या हाइझमन विजेत्याची, जागा घेतली आणि दुसऱ्या हंगामात 33 टचडाउन पास फेकून स्वतः तो चषक मिळवला. व्यावसायिक संघ बोलावत असतानाही तो आणखी एका वर्षासाठी विद्यापीठात परतला. पदवीसाठी एकच विषय उरला होता, म्हणून त्या सत्रात त्याने बॉलरूम नृत्याचा वर्ग घेतला.

मात्र लायनार्टपेक्षाही मला त्याच्या मागे बसलेल्या मुलाचे कुतूहल अधिक आहे. माटर डेच्या त्याच संघात कोल्ट ब्रेनन हा राखीव क्वार्टरबॅक होता. पहिली जागा लायनार्टची असल्याने त्याच्याकडे कोणा मोठ्या विद्यापीठाचे लक्ष गेले नाही. निरनिराळ्या संस्थांतून फिरत तो शेवटी हवाई विद्यापीठात शिष्यवृत्तीविना दाखल झाला. 2006 मध्ये त्याने एका हंगामात 58 टचडाउन पास फेकले, आणि हा विक्रम 2019 पर्यंत टिकला. 2007 मध्ये त्याच्या संघाने नियमित हंगामात एकही सामना गमावला नाही, आणि हाइझमनच्या मतदानात ब्रेनन तिसरा आला. 2021 मध्ये, वयाच्या 37 व्या वर्षी, तो वारला. एकाच शाळेच्या एकाच सराव-मैदानावर असे दोन क्वार्टरबॅक उभे असणे, हे त्या शाळेच्या संपन्नतेचे लक्षण मानावे की उधळपट्टीचे, हा प्रश्न मला आजही सोडवता आलेला नाही.

शाळकरी खेळाडूंसाठी खास असलेला गेटोरेड कंपनीचा राष्ट्रीय पुरस्कार माटर डेच्या दोघांना मिळाला. मॅट बार्कली 2007 मध्ये तो जिंकला तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षातही पोचला नव्हता, आणि अशा वयात तो मिळवणारा तो पहिलाच; जे. टी. डॅनियल्सने 2017 च्या अपराजित हंगामात तो पटकावला. या दोघांपैकी कोणालाही हाइझमन मिळाला नाही. बार्कलीचा खांदा महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षी दुखावला आणि व्यावसायिक संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत तो 98 व्या क्रमांकावर घसरला. डॅनियल्सच्या गुडघ्याचा अस्थिबंध 2019 च्या पहिल्याच सामन्यात तुटला, आणि चार विद्यापीठे पालथी घातल्यावर डोक्याला बसलेल्या धक्क्यांमुळे त्याला खेळ सोडावा लागला. म्हणजे जो सन्मान या मुलांनी खरोखर शाळेच्या गणवेशात मिळवला, तो मिळवणारी नावे वेगळी, आणि शाळा ज्यांच्यामुळे ओळखली जाते ती वेगळी. डॅनियल्सचेच पास झेलणारा आमोन-रा सेंट ब्राऊन आज डेट्रॉइटच्या व्यावसायिक संघात आहे. 2021 च्या निवडीत त्याच्या आधी 16 रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे खेळाडू, घेतले गेले होते, आणि त्या सोळांची नावे त्याला क्रमाने तोंडपाठ आहेत.

यंगकडे येताना ‘देणारी’ हा शब्द आणखी अवघड होतो, कारण तो आधीची दोन वर्षे लॉस एंजेलिसच्या कॅथीड्रल हायस्कूलमध्ये खेळून मग माटर डेमध्ये आला. त्याचे घर पॅसाडेनाला, म्हणजे सँटा ॲनापासून सुमारे साठ किलोमीटरवर. खासगी शाळेला वस्तीची मर्यादा नसते; चांगला मुलगा कोठूनही येऊ शकतो, आणि चांगले मुलगे जेथे जमतात तेथे आणखी चांगले येतात. उंचीने जेमतेम पाच फूट दहा इंच असलेल्या यंगने 2021 मध्ये अलाबामा विद्यापीठासाठी 47 टचडाउन पास फेकले आणि हाइझमन मिळवणारा त्या विद्यापीठाचा तो पहिला क्वार्टरबॅक ठरला. त्याच शरद ऋतूत एका माजी खेळाडूच्या कुटुंबाने, कपडे बदलण्याच्या खोलीतील मारामारीच्या प्रथेमुळे आपल्या मुलाच्या मेंदूला इजा झाली, असा आरोप करून शाळेविरुद्ध दावा दाखल केला. दोन्ही बातम्या एकाच शाळेच्या होत्या, आणि एक सांगून दुसरी वगळणे मला प्रशस्त वाटत नाही.

आता टेक्ससकडे वळू. डॅलसच्या पूर्व भागातील वुड्रो विल्सन हायस्कूल ही 1928 साली उघडलेली सरकारी शाळा, आणि हाइझमनचे दोन विजेते असलेली पहिली शाळा हा मान तिचा आहे. पहिला विजेता डेव्ही ओब्रायन, 1938 चा. दुसरा टिम ब्राऊन, 1987 चा. मध्ये 49 वर्षांचे अंतर. ब्राऊन शाळेच्या संघात तीन वर्षे खेळला, आणि त्या काळात संघाने 4 सामने जिंकले, 25 गमावले आणि 1 बरोबरीत सोडवला. कोणत्याही प्रशिक्षकाला हे आकडे भिंतीवर लावावेसे वाटणार नाहीत. पुढे नोत्र दाममध्ये पहिल्याच सामन्याच्या आरंभीच्या किकवर ब्राऊनच्या हातून चेंडू निसटला. आणि त्याच ब्राऊनने 1987 मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठाविरुद्ध लागोपाठ दोन पंट, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने पायाने लांब उडवलेले चेंडू, झेलून, एकदा 71 आणि एकदा 66 यार्ड पळत जाऊन, दोन टचडाउन केले. हाइझमन मिळवणारा तो पहिला वाइड रिसीव्हर. हरत राहणाऱ्या संघात त्याला घडवणारे असे काय होते, हे धावफलकावरून कळत नाही. मला मात्र वाटते की जेथे समोरचा संघ नेहमीच वरचढ असतो, तेथे चेंडू हातात आलेल्या मुलाला स्वतःच वाट शोधावी लागते, आणि ब्राऊन जन्मभर तेच करत राहिला.

ओब्रायनची उंची पाच फूट सात इंच होती आणि वजन सुमारे 150 पौंड. टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाला त्याने 1938 मध्ये अपराजित ठेवले, थोडा काळ व्यावसायिक फुटबॉल खेळला आणि मग एफबीआयमध्ये नोकरीला लागला. त्याच्या नावाने देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन क्वार्टरबॅकला आता दरवर्षी एक पुरस्कार दिला जातो. 2021 चा तो पुरस्कार ब्राइस यंगला मिळाला.