ही गोष्ट पहिल्यांदा लिहिली कधी?

नमस्कार मंडळी. प्रस्तावना लांबवत नाही, थेट क्रॉसाँ या चंद्रकोरीच्या आकाराच्या फ्रेंच पावापासून सुरू करते, कारण त्याची गोष्ट बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेली असते. १६८३ साली तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला होता, तटाखालून भुयारं खणून ते सुरुंग लावत होते, आणि सगळं शहर झोपलेलं असताना भट्टीवर पहाटेच्या पावाची तयारी करणाऱ्या बेकरीवाल्यांना जमिनीतून ठकठक ऐकू आली, त्यांनी पहारेकऱ्यांना उठवलं, शहर वाचलं, आणि त्या विजयाची आठवण म्हणून त्यांनी तुर्कांच्या झेंड्यावरच्या चंद्रकोरीच्या आकाराचा पाव केला. पुढे मारी आंत्वानेत १७७० साली लग्न होऊन फ्रान्सला गेली तेव्हा तो पाव तिच्याबरोबर पॅरिसला पोचला. गोष्ट फर्मास आहे. शौर्य आहे, राजकन्या आहे, साल आहे, शेवटी खायलाही मिळतं.

आता आज मला तुमच्यासमोर खरं तर एकच प्रश्न ठेवायचाय आणि बाकीचा सगळा वेळ तोच प्रश्न वेगवेगळ्या गोष्टींना विचारायचाय. प्रश्न असा की ही गोष्ट पहिल्यांदा लिहून कधी ठेवली गेली? घटना कधी घडली म्हणतात ते साल नव्हे, ती गोष्ट कागदावर आली ते साल. या दोन सालांमधलं अंतर मोजायचं. क्रॉसाँच्या बाबतीत हे अंतर प्रचंड आहे. चंद्रकोरीच्या आकाराचा किपफर्ल नावाचा पाव ऑस्ट्रियात त्या वेढ्याच्या कितीतरी शतकं आधीपासून होत होता, म्हणजे शोध लावायला तुर्कांची गरजच नव्हती. पॅरिसमध्ये हा प्रकार लोकप्रिय केला ऑगस्ट झांग नावाच्या माणसाने, हा आधी ऑस्ट्रियाच्या तोफखान्यात अधिकारी होता आणि १८३० च्या दशकाच्या अखेरीला त्याने पॅरिसमध्ये व्हिएन्ना पद्धतीची बेकरी टाकली, म्हणजे मारी आंत्वानेतच्या मृत्यूला तेव्हा पंचेचाळीसेक वर्षं झाली होती. आणि आज आपण खातो तो पदर सुटणारा, लोण्याच्या घड्या घातलेला क्रॉसाँ, त्याची कृती फ्रेंच पुस्तकांत दिसायला लागते ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. १९३८ साली एका मोठ्या फ्रेंच पाककोशात ही वेढ्याची गोष्ट छापली गेली तेव्हा तिच्यात शहर होतं बुडापेस्ट आणि साल होतं १६८६. बेकरीवाले तेच, ठकठक तीच, फक्त शहर दुसरं.

हे गाव बदलणं, राजा बदलणं फार महत्त्वाचं आहे, इथे थांबायला पाहिजे. सरलॉइन म्हणून गोमांसाचा एक भाग असतो, त्याची गोष्ट अशी की इंग्लंडच्या राजाला ते मांस इतकं आवडलं की त्याने तलवार काढून त्या तुकड्याला सर हा किताबच देऊन टाकला. कुठल्या राजाने? कुणी सांगतं आठव्या हेन्रीने, कुणी पहिल्या जेम्सने, कुणी दुसऱ्या चार्ल्सने. तिघांच्या कारकिर्दी मिळून जवळजवळ पावणेदोनशे वर्षांत पसरल्यात आणि प्रत्येकाच्या नावावर तोच किस्सा, तीच तलवार. शब्द सरळ फ्रेंचमधून आलाय, लॉइनच्या, म्हणजे कमरेच्या, वरचा भाग एवढाच त्याचा अर्थ. जी गोष्ट कुठल्याही राजाच्या अंगाला फिट बसते ती त्यातल्या एकाही राजाची नसते असं मला वाटतं, आणि हा नियम मी इतक्या ठिकाणी लागू पडताना पाहिलाय की आता किस्स्यात राजा आला की मी आधी दुसरा राजा शोधते.

मार्को पोलोने चीनहून पास्ता आणला ही तर शाळकरी पोरांनाही पाठ असते. तो व्हेनिसला परत आला १२९५ मध्ये. आता बघा, ११५४ साली अल इद्रिसी हा भूगोलकार सिसिलीतल्या ट्राबिया गावाबद्दल लिहितो की तिथे इत्रिया नावाचा शेवयांसारखा प्रकार एवढा बनतो की जहाजं भरभरून बाहेर जातो. पुढे १२७९ साली जिनोआत एका माणसाच्या मालमत्तेची यादी झाली, त्यात टोपलीभर मॅकरोनीची नोंद आहे, आणि त्या वर्षी मार्को पोलो अजून तिकडे चीनमध्येच होता. मग ही गोष्ट आली कुठून? तर १९२९ साली अमेरिकेत पास्ता बनवणाऱ्या कारखानदारांच्या मासिकात एक कथा छापून आली, त्यात मार्को पोलोच्या जहाजावरचा एक खलाशी किनाऱ्यावर उतरतो, तिथे एक बाई शेवया करताना त्याला दिसते, आणि त्या खलाशाचं नाव काय तर स्पॅगेटी. लोकांनी पास्ता जास्त खावा हा त्या मासिकाचा उद्योगच होता, त्यामुळे त्यांना मी फार दोष देत नाही, पण ती कथा मासिकातून निघून सिनेमात गेली, १९३८ साली मार्को पोलोवर हॉलिवूडचा चित्रपट आला, आणि नंतर ती इतिहास म्हणून सांगितली जायला लागली. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण यात नुकसान झालं ट्राबियातल्या त्या लोकांचं. शेकडो माणसं पिढ्यानपिढ्या गहू दळत होती, शेवया वाळवत होती, समुद्रापार पाठवत होती, आणि श्रेय गेलं त्यांच्यानंतर शंभर वर्षांनी जन्मलेल्या, कधीही कणीक न मळलेल्या एका प्रवाशाला.

बटाट्याच्या चिप्सचंही असंच झालंय. गोष्ट माहितीच असेल, १८५३ साल, न्यूयॉर्क राज्यातलं साराटोगा स्प्रिंग्ज, जॉर्ज क्रम नावाचा आचारी, एक गिऱ्हाईक बटाटे जाड आहेत म्हणून परत पाठवतं, आचारी चिडतो आणि कागदासारखे पातळ काप कडक तळून, मीठ मारून पाठवतो, आणि गिऱ्हाईक खूश. ते गिऱ्हाईक म्हणजे कोट्यधीश व्हँडरबिल्ट असंही जोडून सांगतात, म्हणजे पुन्हा राजा आलाच. तर १८२० च्या आसपासच इंग्लंडमध्ये विल्यम किचनर याच्या पाककृतीच्या पुस्तकात बटाट्याचे काप किंवा लिंबाच्या सालीसारखे गोल गोल पातळ पापुद्रे काढून, फडक्याने कोरडे करून, चरबीत तळायची कृती छापलेली आहे. क्रम हा खरोखरचा माणूस होता, मोहॉक आणि आफ्रिकन वंशाचा, रानात वाटाड्याचं काम केलेला आणि शिकारीचे पदार्थ करण्यात नावाजलेला, त्याने पुढे स्वतःचं हॉटेल काढलं आणि तिथे बडे बडे लोक यायचे. एवढं कर्तृत्व असलेल्या माणसाची जगात ओळख काय राहिली, तर तो एकदा रागावला होता.

पदार्थांकडून वाक्प्रचारांकडे येते, इथे तर लोणकढी थापांचं पीकच आलेलं आहे. १९९९ साली इंग्रजीत एक ईमेल जगभर फिरली, सोळाव्या शतकातलं जीवन असं काहीतरी तिचं नाव, आणि त्यात दहा-बारा वाक्प्रचारांचा उगम एका दमात सांगितलेला. मुसळधार पावसाला इंग्रजीत कुत्री-मांजरं पडतायत म्हणतात ना, ते म्हणे गवती छपरात राहणारी कुत्री-मांजरं पावसात घसरून खाली पडायची म्हणून. शाकारलेलं छप्पर ज्यांनी पाहिलंय त्यांना माहितीये की कुत्रं त्याच्या आत राहू शकत नाही, आणि पावसात वर तर मुळीच जाणार नाही, उलट ते आडोशाला पळेल. पण ईमेल वाचताना एवढा विचार कोण करतो, कारण आजूबाजूला आणखी दहा गोष्टी तितक्याच छातीठोकपणे लिहिलेल्या असतात, एक पचली की पुढची पचते.

पॉश या शब्दाचंही तेच. इंग्लंडहून हिंदुस्थानात बोटीने येताना ऊन लागू नये म्हणून श्रीमंत लोक येताना डाव्या बाजूची केबिन घ्यायचे आणि परत जाताना उजव्या बाजूची, म्हणून पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम, त्याची आद्याक्षरं तिकिटावर छापायचे आणि त्यावरून पॉश. असं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही, बोट कंपनीच्या दप्तरातही नाही. मुळात आद्याक्षरांपासून शब्द बनवायची सवय विसाव्या शतकातली आहे, त्याआधी असे शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे जुन्या शब्दाचा उगम कुणी आद्याक्षरांत सांगितला की तिथेच सावध व्हावं.

अर्थात याला एक सणसणीत अपवाद आहे आणि तो माझा सगळ्यात लाडका आहे, तो म्हणजे ओके. ओकेच्या उगमाच्या कथा किती आहेत बघा, चोक्टॉ या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आला, ग्रीकमधून आला, युद्धात शून्य ठार असं फळ्यावर लिहायचे त्यावरून आला. ॲलन वॉकर रीड नावाच्या अभ्यासकाने १९६० च्या दशकात जुनी वर्तमानपत्रं उपसून काढली आणि त्याला २३ मार्च १८३९ चा बॉस्टन मॉर्निंग पोस्टचा अंक मिळाला. तेव्हा बॉस्टनच्या पत्रकारांत एक फॅड होतं, शब्द मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने लिहायचे आणि मग त्यांची आद्याक्षरं वापरायची, ऑल करेक्ट म्हणजे सगळं बरोबर, ते ओ आणि के ने लिहायचं. असे डझनावारी शब्द निघाले आणि विरले. ओके टिकला, कारण पुढच्याच वर्षी १८४० ची अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आली, उमेदवार मार्टिन व्हॅन ब्युरेन किंडरहूक गावचा, त्याचं टोपणनाव ओल्ड किंडरहूक, आणि समर्थकांनी ओके क्लब काढले. म्हणजे शहाणी वाटणारी सगळी स्पष्टीकरणं खोटी निघाली आणि पोरकट वाटणारं खरं निघालं, कारण त्याच्यामागे तारखेसह छापील कागद होता.

आता एक जरा जड उदाहरण. रूल ऑफ थंब, म्हणजे ढोबळ अंदाज. असं सांगतात की नवऱ्याने बायकोला अंगठ्यापेक्षा जाड नसलेल्या काठीने मारायला इंग्लंडच्या कायद्याने मुभा दिली होती, त्यावरून हा शब्दप्रयोग आला. शब्दप्रयोग सतराव्या शतकातला आहे आणि तेव्हा त्याचा अर्थ अंगठ्याने माप घेणं, अनुभवाने अंदाज बांधणं एवढाच होता. काठीची गोष्ट आली नंतर, १७८२ मध्ये, फ्रान्सिस बुलर नावाच्या न्यायाधीशाने असं काहीतरी म्हटल्याची बातमी पसरली आणि जेम्स गिलरेने त्याचं व्यंगचित्र काढलं, काठ्यांचे भारे घेतलेला न्यायाधीश. तसा निकाल कुठेही सापडत नाही. पण म्हणून काठीची गोष्ट हवेतली होती का, तर नाही, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या न्यायालयाने १८७४ साली स्पष्ट लिहिलंय की अंगठ्याएवढ्या काठीने बायकोला मारायचा जुना समज आमच्याकडे कायदा नाही. म्हणजे समज होता, मारहाण तर होतीच होती, फक्त त्या शब्दप्रयोगाशी तिचा संबंध बादरायण. मला हे वेगळं करून सांगणं गरजेचं वाटतं कारण बायकांनी सोसलेल्या गोष्टीचा पुरावा न्यायालयाच्या कागदांत भरपूर आहे, तो एका कच्च्या व्युत्पत्तीवर टांगला की ती व्युत्पत्ती पडल्यावर लोक मूळ अन्यायावरही शंका घ्यायला लागतात.

आणि आता पालक, जो मी मुद्दाम मागे ठेवला होता. तुम्ही ऐकलं असेल की पालकात लोह खूप असतं हा गैरसमज आहे, एका जर्मन शास्त्रज्ञाचं दशांश चिन्ह चुकलं, आकडा दहापट झाला, आणि त्यामुळे कार्टूनमधला पॉपाय पालक खायला लागला. ही गोष्ट सांगणारे लोक शंकेखोर, अभ्यासू, आमच्यासारखेच. तर १९८१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हॅम्ब्लिन नावाच्या डॉक्टरांनी ती लिहिली, तिथून ती शेकडो लेखांत उतरवली गेली, आणि २०१० मध्ये माइक सटन नावाच्या संशोधकाने मूळ शोधायला घेतलं तर त्या चुकलेल्या दशांश चिन्हाचा पुरावाच मिळेना. वर पॉपायची १९३२ ची चित्रपट्टी काढून बघितली तर तो स्वतः सांगतोय की पालकात अ जीवनसत्त्व असतं म्हणून मी खातो, लोहाचा उल्लेखच नाही. म्हणजे गैरसमज खोडून काढणारी गोष्टच गैरसमज निघाली. शंभर ग्रॅम कच्च्या पालकात साधारण २.७ मिलिग्रॅम लोह असतं, आकडा वाईट नाही, पण त्यातलं अंगी लागतं फार थोडं. प्रश्न विचारायचा तो खोडून काढणाऱ्यालाही विचारायचा, मला पण विचारायचा.

शेवटी चिठ्ठी आली आहे, सँडविचचं काय, ती तरी खरी का? चांगलं विचारलंत. इंग्लंडमधल्या सँडविच गावाचा चौथा अर्ल, म्हणजे सरदार, जॉन मॉन्टेग्यू जुगाराच्या टेबलावरून उठायला नको म्हणून पावात मांस घालून मागवायचा, ही कथा आपल्याला मिळते ग्रोस्ले नावाच्या फ्रेंच प्रवाशाच्या लंडनवरच्या पुस्तकात, १७७० मध्ये. तो लंडनला आला होता १७६५ साली, आणि गिबन या इतिहासकाराच्या १७६२ च्या रोजनिशीत सँडविच हा शब्द खाण्याच्या अर्थाने आधीच आलेला आहे. म्हणजे इथे अंतर फार थोडं आहे, अर्ल स्वतः तेव्हा जिवंत होता, त्यामुळे नाव त्याच्यावरून पडलं हे मी मानते. जुगाराबद्दल मात्र ग्रोस्लेने ऐकीव लिहिलंय, आणि अर्लचा चरित्रकार रॉजर याचं म्हणणं असं की तो आरमाराच्या कामात इतका बुडालेला असायचा की ते ताट जुगाराच्या टेबलापेक्षा कामाच्या टेबलावर गेलं असण्याची शक्यता जास्त.