सरोवर वाचवायला शेतकऱ्याला पैसे, पण कोणत्या कामाचे?

नमस्कार मंडळी. ऑगस्ट 2014 मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात नळाचं पाणी पिऊ नका, असा आदेश निघाला. उकळूनही भागणार नव्हतं. शहराला पाणी पुरवणाऱ्या लेक एरी या सरोवरातल्या नीलहरित शेवाळाचं विष, मायक्रोसिस्टिन, उकळून नष्ट होत नाही; पाणी आटलं की उलट दाट होतं.

शेवाळ पोसतो तो स्फुरद, म्हणजे खतातला फॉस्फरस. तो मुख्यतः मॉमी नदीतून येतो, आणि नदीत येतो शेतांतून. ठरलेलं लक्ष्य असं: मार्च ते जुलैमध्ये वाहून येणारा स्फुरद 2008 च्या तुलनेत 40 टक्के कमी करायचा. त्यासाठी ओहायो राज्यानं 2019 मध्ये ‘एचटूओहायो’ योजना आणली. ठरावीक पद्धत वापरा, एकरी पैसे घ्या.

[आकृती: शेताचा उभा छेद]

इथली जमीन सपाट, चिकण. पाणी काढायला साधारण मीटरभर खोल सच्छिद्र पाइप पुरलेत. शून्य मशागतीच्या, म्हणजे न नांगरलेल्या शेतात खत वरून फोकलं की स्फुरद वरच्या थरातच साठतो. जोराचा पाऊस झाला की तो विरघळून भेगांतून, गांडुळांच्या बिळांतून थेट पाइपात जातो. त्यामुळे ओढ्याकाठच्या गवती पट्ट्याला पैसे देताना जरा थांबा. पट्टा वाहती माती अडवतो; पाइप मात्र त्याच्या खालून जातो!

खत पेरून काही इंच खोल देणं जास्त कामाचं. त्याहीआधी माती परीक्षण. मेहलिक-3 या माती चाचणीत 40 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 40 भाग) वर स्फुरद निघाला, तर तिथल्या शिफारशीनुसार मका-सोयाबीनला स्फुरद द्यायचाच नाही.

आच्छादन पिकात, म्हणजे मुख्य पीक नसताना जमीन झाकायला घेतलेल्या पिकातही मेख आहे. मुळा किंवा ओट थंडीनं गोठून मेलं की पेशी फुटतात आणि त्यातला विरघळलेला स्फुरद बाहेर येतो. राय हे गव्हासारखं धान्य; ती हिवाळा काढते, म्हणून ती बरी.

आमच्या मते खरी अडचण एकरी दरात आहे. आधीपासून हेच करणाऱ्यालाही तेवढेच पैसे, आणि वर्षानुवर्षं स्फुरद साठलेल्या शेतालाही तेवढेच. गळती मात्र मूठभर शेतांतून जास्त होते. प्रत्येक पाइपाच्या तोंडाशी मोजणी करणं महाग पडतं, म्हणून निदान परीक्षणाच्या आकड्यावर दर ठरवावा.

पाइपातून बाहेर जाणारं पाणी फळ्यांनी अडवणाऱ्या झडपांना आम्ही जास्त पैसे देऊ. कापणीनंतर फळ्या चढवायच्या, पाणी शेतातच धरायचं; पेरणीआधी दोनेक आठवडे त्या उतरवायच्या. उशीर झाला तर ट्रॅक्टर रुततो. उतार असेल तर एका झडपेत थोडेच एकर सामावतात, आणि खर्च परवडत नाही.