मंदीत पगार कोण देणार?

मित्रहो, २०२० च्या वसंतापासून सुरुवात करू. फेब्रुवारीत अमेरिकेत बेरोजगारीचा दर साडेतीन टक्के होता, एप्रिलमध्ये तो १४ टक्क्यांच्या वर गेला. मार्चअखेर एकाच आठवड्यात बेकारभत्त्यासाठी ६० लाखांहून अधिक नवे अर्ज आले. त्याआधीचा उच्चांक १९८२ चा होता आणि तो सात लाखांच्याही आत होता. त्याच दिवसांत जर्मनीतही कारखाने, हॉटेलं, दुकानं बंद होती. तरी तिथला दर पाच टक्क्यांच्या आसपास होता, तो साडेसहाच्या आतच राहिला. संकट एकच, आणि पैसा दोन्ही सरकारांनी हात सैल सोडून खर्च केला. फरक पडला तो पैसा कोणत्या वाटेने माणसापर्यंत पोचला याने. आज मला एवढंच सांगायचं आहे.

जर्मनीतल्या व्यवस्थेचं नाव कुर्त्सआर्बाइट. काम घटलं की मालक माणसं काढत नाही, सगळ्यांचे तास कमी करतो. केलेल्या तासांचा पगार मालक देतो. बुडालेल्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के, घरी मूल असेल तर ६७ टक्के, रक्कम केंद्रीय रोजगार संस्था भरून देते. समजा, एखाद्या कामगाराच्या हातात महिना २,५०० युरो पडत होते आणि काम निम्म्यावर आलं. १,२५० मालकाकडून आले. उरलेल्या १,२५० चे ६० टक्के म्हणजे ७५० सरकारी संस्थेकडून. हातात ढोबळमानाने २,००० युरो. घरभाडं निघतं. आणि महत्त्वाचं म्हणजे ही रक्कम मालकच पगाराबरोबर देतो आणि मागाहून संस्थेकडून वसूल करतो. कामगाराला कुठल्या रांगेत उभं राहावं लागत नाही. २०२० मध्ये लांबलेल्या काळासाठी हे प्रमाण ८० आणि ८७ टक्क्यांपर्यंत वाढवलं. त्या एप्रिलमध्ये सुमारे ६० लाख माणसं या योजनेत होती, आणि सरकारी हिशेबात त्यांच्यापैकी एकही बेकार नव्हता.

ही युक्ती कोविडमध्ये सुचलेली नाही. तिची मुळं १९१० च्या पोटॅश खाणींच्या कायद्यापर्यंत जातात. २००९ च्या मंदीत जर्मनीचं उत्पादन पाच टक्क्यांहून जास्त घसरलं, म्हणजे अमेरिकेपेक्षाही अधिक. तरी बेरोजगारी जेमतेम हलली. अमेरिकेत मात्र ती त्या ऑक्टोबरात १० टक्क्यांवर पोचली. यामागे पैसा आहे, तो कामगार आणि मालक यांच्या निम्म्या-निम्म्या वर्गणीचा. चांगल्या वर्षांत तो साठत गेला. कोविड येण्याआधी संस्थेकडे सुमारे २६ अब्ज युरोंची गंगाजळी होती.

आता अमेरिका. तिथला बेकारीचा विमा १९३५ च्या कायद्यातला, पण चालवतात राज्यं, आणि प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी. फ्लोरिडात जास्तीत जास्त भत्ता आठवड्याला २७५ डॉलर. एप्रिल २०२० मध्ये तिथलं संकेतस्थळ कोलमडलं, तेव्हा मायामीजवळच्या हायलिया शहरात लोक छापील अर्ज मिळवायला रांगा लावून उभे होते, साथ ऐन भरात असताना! अर्जदार मध्येच कंटाळून सोडून देईल अशाच पद्धतीने ती यंत्रणा रचली गेली होती, हे पुढे राज्याच्या गव्हर्नरांनीच मान्य केलं. न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल ही जुनी संगणकभाषा जाणणाऱ्यांना हाक द्यावी लागली.

अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, मार्चमध्ये दोन लाख कोटी डॉलरहून मोठा कायदा केला. त्यात प्रत्येक बेकाराला आठवड्याला ६०० डॉलर जादा होते. सगळ्यांना सरसकट ६००, कारण ज्याच्या त्याच्या पगाराच्या टक्केवारीने हिशेब करणं राज्यांच्या जुन्या संगणकांना झेपणारं नव्हतं. परिणामी बऱ्याच जणांना नोकरीपेक्षा भत्ताच जास्त मिळाला. यावर लोकांनी खूप नाकं मुरडली. मला त्यात वावगं वाटत नाही. कमी पगाराच्या वेट्रेसच्या घरात त्या उन्हाळ्यात चूल पेटली ती या पैशावर. खरा दोष हा की जुलैअखेर तो भत्ता तारखेवर संपला. साथ संपलेली नव्हती.

हेच पुन्हा मुलांच्या बाबतीत झालं. २०२१ मध्ये मुलामागची करसवलत वाढवून जुलै ते डिसेंबर दरमहा पालकांच्या खात्यात पैसे टाकले. सरकारी मदत धरून मोजलेली बालगरिबी त्या वर्षी ५.२ टक्क्यांवर आली. वाढीव सवलत थांबली आणि २०२२ मध्ये ती १२.४ टक्के झाली. दुपटीहून जास्त, एका वर्षात. गरिबी कशी हटते हे कळलेलं असताना ती परत येऊ दिली, याचा मला राग येतो.

कायमचा कायदा आणि त्याला बांधलेला पैसा यांचं मोल आपल्याला बाहेरून शिकायला नको. १९७२ च्या दुष्काळातून आपली रोजगार हमी उभी राहिली, तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला, मग १९७७ चा कायदा आला. तुमच्या पगारपत्रकावर कापले जाणारे ते २०० रुपये त्याच कराचे.

जर्मन पद्धतीवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: मरणपंथाला लागलेल्या कारखान्यात माणसं अडकून पडतात. दोन-चार महिन्यांच्या धक्क्यात हा प्रश्न येत नाही. मंदी वर्षानुवर्षं रेंगाळली तर येतो. अमेरिकेत माणसं लवकर नवीन काम धरतात हेही खरं. २०२१ संपताना तिथला दर पुन्हा चारच्या खाली होता.

माझा आक्षेप वेगळा आहे. जर्मनीत त्या वेळी महिना ४५० युरोपर्यंतच्या कामाला ‘मिनी-जॉब’ म्हणत. त्यावर बेकारी विम्याची वर्गणी नाही, म्हणून कुर्त्सआर्बाइटही नाही. हॉटेलात थाळ्या उचलणारे विद्यार्थी, दुकानात अर्धवेळ उभ्या राहणाऱ्या बायका, अशा लाखोंचं काम २०२० मध्ये सरळ गेलं. मोटार कारखान्यातला कामगार वाचला, त्याच कारखान्याबाहेरच्या कॅफेतली बाई वाचली नाही. तिला विम्यात घ्यायचं तर छोट्या पगारातूनही वर्गणी कापावी लागेल, आणि मालकांच्या संघटना कुरकुर करतील. करू द्या. पहिल्या काही वर्षांची तिच्या वाट्याची वर्गणी सरकारने भरावी, असं माझं मत आहे.